बोलेरो की योद्धा? आधी भाड्याचा हिशोब मांडा

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. पिकअप घ्यायच्या विचारात असाल, किंवा घरातलं पोरगं त्या विचारात असेल, तर शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही. एटापल्ली तालुक्यात कधी पिकअपमध्ये बसलाच नाही असा माणूस शोधूनही सापडायचा नाही.

धानाचे पैसे हातात आले आणि तेंदूपत्त्याचा हंगाम जवळ आला की आपल्याकडे एक प्रश्न हमखास निघतो. चहाच्या टपरीवर, व्हॉट्सअॅप ग्रुपवर, लग्नाच्या मांडवात. "भाऊ, बोलेरो घेऊ की योद्धा?" लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "महिंद्रा डोळे मिटून घे, कुठंही रिपेर होते." दुसरी म्हणते, "टाटाची ओढ पाय ना जी, चढावर दुसरी कोणती टिकते का?" मग फोनवर व्हिडिओ निघतात. कुणाच्या पिकअपने किती टन ओढले, कुणाची चिखलातून निघाली, कुणाची फसली. रात्री बारापर्यंत ग्रुप गरम.

या सगळ्या भांडणात एक प्रश्न कुणी विचारत नाही. ती गाडी कायद्याने जेवढं वजन चालतं तेवढंच भरून, आपल्या रस्त्यावर, आपल्या भाड्यात स्वतःचा हप्ता काढते का?

माझं म्हणणं सरळ आहे. आज एटापल्लीत पिकअपचा धंदा कायद्याच्या वजनात बसत नाही. बसावा म्हणून कुणी हातही हलवत नाही. तो बसत नाही तोवर बोलेरो घ्या, योद्धा घ्या, दोस्त घ्या, घाट्यात मालकच जाणार. बाकी सगळे कमावणार.

आधी गाड्यांचं बोलू, म्हणजे कुणी म्हणायला नको की पत्रकाराला गाडीतलं काय कळते.

महिंद्राने एप्रिल २०२३ मध्ये बोलेरो मॅक्स पिकअपची नवी मालिका काढली. १.३ टनापासून २ टनांपर्यंत. त्यातल्या मोठ्या गाड्यांवर 'एचडी' लिहिलेलं असतं, म्हणजे हेवी ड्यूटी. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, दहा फुटांचा डाला, २ टनी मॉडेलला २२० न्यूटन-मीटर टॉर्क. टाटाची योद्धा आली जानेवारी २०१७ मध्ये, जाहिरातीत अक्षय कुमार होता, आठवत असेल. मग सप्टेंबर २०२२ मध्ये योद्धा २.० आली. तीही २ टनांची. इंजिन २.२ लिटरचं, १०० अश्वशक्ती, २५० न्यूटन-मीटर टॉर्क. त्याच वेळी टाटाने दीड टनाची इंट्रा व्ही-५० काढली. अशोक लेलँडची दोस्त तर २०११ पासून आहे.

कागदावर बघितलं तर ओढीला योद्धा पुढे दिसते. पण कागद काय सांगत नाही ते बघा.

पहिलं म्हणजे २ टन म्हणजे नेमकं काय. आरसी बुकात दोन आकडे असतात. रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं एकूण मंजूर वजन. मधला फरक म्हणजे तुमचा माल. पण तुम्ही गाडी घेतल्या घेतल्या काय करता? वर लोखंडी जाळी चढवता, बाजूच्या फळ्या उंच करता, पुढे जाड बंपर बसवता. ते दीड-दोनशे किलो कुठून वजा होतात? मालातून. ड्रायव्हर आणि सोबतचा पोरगा बसतो, तेही त्यातच. म्हणजे शोरूममधून २ टनांची निघालेली गाडी घरी येईस्तोवर पावणेदोन टनांची झालेली असते. वजनकाट्यावर रिकामी उभी करून बघा एकदा, मग बोला.

दुसरं, तुमचा माल कोणता? आपल्याकडे तीन-चारच तऱ्हेचे माल आहेत. तेंदूपत्त्याचे बोद फुगीर असतात, वजनाने हलके. तिथे डाला आधी भरतो, टन नंतर. बांबूचंही तसंच, लांबी नडते. अशा कामाला २ टनी गाडी घेऊन जास्तीचा हप्ता कशाला भरायचा? लांब डाल्याची, कमी टनांची गाडी पुरते. आता धान घ्या. ४० किलोच्या कट्ट्याने १.३ टनात ३२ कट्टे बसतात, २ टनात ५०. सिमेंटची ५० किलोची बोरी, तर २६ आणि ४०. इथे २ टनांचा फायदा दिसतो. पण घरकुलाच्या विटा? एक वीट तीन किलोच्या आसपास धरा. हजार विटा म्हणजे ३ टन. आपल्याकडे 'एक पिकअप विटा' म्हटलं की गिऱ्हाईक हजारच मोजते. म्हणजे सर्वात मोठी पिकअप घेतली तरी पहिल्याच फेरीत तुम्ही कायद्याबाहेर.

तिसरं, दुरुस्ती. जुन्या टाटा २०७ चे दिवस गेले. तेव्हा झाडाखाली ताडपत्री अंथरून मिस्त्री इंजिन खोलायचा. १ एप्रिल २०२० पासून सगळ्या नव्या गाड्या बीएस-६. सेन्सर, वायरिंग, कॉम्प्युटर. दिवा लागला की मिस्त्री हात वर करतो, स्कॅनर लागतो. धुराच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगात चालावी लागते. आपल्या जंगलातल्या रस्त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये वीसच्या वेगाने रांगणाऱ्या गाडीला हा वेग मिळणार कुठे? त्यात कॅनमधलं डिझेल टाकलं की इंजेक्टरचं काय होते ते ज्याचं झालं त्याला विचारा. हे महिंद्राला लागू आहे तसं टाटालाही. म्हणून शोरूममध्ये टॉर्क विचारायच्या आधी हे विचारा: स्कॅनरवाला माणूस एटापल्लीपासून किती किलोमीटरवर आहे, आणि पार्ट किती दिवसांत येतो? गडचिरोली असो की चंद्रपूर, आपल्याला दोन्ही शंभर किलोमीटरच्या पलीकडे. गाडी ओढून न्यायचं भाडं आणि चार दिवसांचा बुडालेला धंदा, हा खर्च कुठल्याच पत्रकात छापलेला नसतो.

म्हणून कुणी सल्ला मागितला तर मी कंपनीचं नाव सांगत नाही. ज्या कंपनीचं वर्कशॉप आणि पार्ट तुमच्या गावाला जवळ, ती गाडी. ज्या टनाची तुमच्या मालाला गरज, तो टन. आणि जो हप्ता पावसाळ्यातही भरता येईल, तेवढंच कर्ज.

आता हप्ता. खरी मेख इथे आहे.

समजा ८ लाखांचं कर्ज, पाच वर्षांसाठी. फायनान्सवाला म्हणतो, "फक्त ८ टक्के, भाऊ." विचारा त्याला, फ्लॅट की घटत्या शिलकीवर? फ्लॅट ८ टक्के म्हणजे ८ लाखांवर पाच वर्षं पुरं व्याज, ३ लाख २० हजार. हप्ता बसतो १८,६६७ रुपये. तुम्ही मुद्दल फेडत जाता, पण व्याज पहिल्या दिवशीच्या रकमेवरच चालू राहते. हाच हप्ता घटत्या शिलकीच्या हिशोबात मांडला तर व्याजदर निघतो १४ टक्क्यांच्या वर. बँकेने १२ टक्क्यांनी घटत्या शिलकीवर दिलं असतं तर हप्ता बसला असता १७,७९६. म्हणजे '८ टक्के' हे '१२ टक्क्यां'पेक्षा महाग आहे! हे गणित दहावीच्या पोराला कळते. पण सही करायच्या घाईत कुणाला दिसत नाही, कारण बाहेर नवी गाडी उभी असते आणि तिला हार घातलेला असतो.

पुढे मांडा. आकडे माझे आहेत, तुम्ही तुमचे घाला. हप्ता अठरा हजारांच्या आत धरा. ड्रायव्हर १२ हजार. विमा, टॅक्स, फिटनेस मिळून महिन्याला ५ हजार. टायर, ऑइल, पाटे, ब्रेक, आणखी ५ हजार. झाले ४० हजार, डिझेल वेगळं. महिन्यात २० फेऱ्या मिळाल्या तर डिझेल जाऊन प्रत्येक फेरीमागे २,००० उरले पाहिजेत. तेव्हा कुठे तुम्ही शून्यावर. घरात एक रुपया नाही.

आणि आपल्याकडे वर्ष बारा महिन्यांचं नसते. जून ते सप्टेंबर नाले भरतात, रपटे पाण्याखाली जातात, बांडियाला पूर आला की पलीकडची गावं पलीकडेच. फोर-व्हील-ड्राइव्ह घेतली म्हणून पूर ओसरत नाही. म्हणजे वर्षाचे ४ लाख ८० हजार आठ महिन्यांत काढायचे. महिन्याला ६० हजार, फेरीला ३,०००. फायनान्सवाल्याच्या कॅलेंडरमध्ये मात्र जुलै-ऑगस्टही असतो. तो पूर पाहत नाही, तारीख पाहतो. तीन हप्ते थकले की गाडी ओढून नेतात. गावात बातमी होते, "त्याले धंदा जमला नाही." अरे, धंदा जमण्याजोगा होता कुठे?

ट्रॅक्टरचं कर्ज घेतलं तर हप्ता पिकाच्या हंगामाला सहामाही पडतो. शेतकऱ्याला महिन्याला पगार नाही, हे बँकेला कळते. मग आपल्या भागातला पिकअपवालाही तेंदू, धान आणि बाजारहाटावर जगतो, हे त्याच बँकेला का कळू नये?

"साहेब, म्हणूनच तं ओव्हरलोड करा लागते." हे उत्तर मला शंभरदा मिळालं आहे. आणि इथेच माझा खरा वाद आहे.

ओव्हरलोडने पैसे सुटतात हा भ्रम आहे. बघा कसं. समजा क्विंटलला भाडं १०० रुपये आहे. २ टन म्हणजे २० क्विंटल, फेरीचे २,००० रुपये. एकाने हुशारी केली. म्हणाला, मी ३ टन नेतो, क्विंटलला ८० द्या. त्याला मिळाले २,४००. चारशे रुपये जास्त, खूश. पण व्यापाऱ्याला आता ८० चा दर माहीत झाला. तो दुसऱ्याला म्हणतो, तो ८० ने नेते, तू काहून १०० मागते? आता कायद्याने २ टन नेणाऱ्याला मिळणार १,६००. म्हणजे त्यालाही ३ टन भरणं भाग. मग सगळेच ३ टनांवर आले, की कुणीतरी ७० म्हणतो. तीस क्विंटल गुणिले सत्तर, २,१००. फिरून जवळपास तिथेच आलात की नाही? पहिल्यांदा २ टन नेऊन २,००० मिळत होते. आता ३ टन नेऊन २,१००. मधल्या एका टनाचं डिझेल तुमचं, टायर तुमचे, मोडलेले पाटे तुमचे, चालान तुमचं. व्यापाऱ्याचा माल क्विंटलमागे ३० रुपयांनी स्वस्तात पोचला.

ओव्हरलोड म्हणजे गरीब गाडीमालकाने पैसेवाल्याला दिलेली सूट आहे. दुसरं काही नाही.

म्हणून दर दोन-चार वर्षांनी कंपन्या जास्त टनाची पिकअप काढतात आणि आपण टाळ्या वाजवतो. सव्वा टनाची होती, दीडची आली, मग २ टनांची आली. भाडं वाढलं का? गाडी मोठी झाली, कर्ज मोठं झालं, कमाई तिथेच. कारण मोठ्या गाडीवर आपण पुन्हा तिच्या टनापेक्षा जास्तच भरतो. ही टनांची शर्यत कंपन्यांना परवडते, फायनान्सला परवडते, ठेकेदाराला परवडते. पळणारा आपला पोरगा तेवढा दमते.

आणि पकडला गेला तर? २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनाला २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. जादा माल उतरवायचा खर्च वेगळा. वरच्या हिशोबातल्या किती फेऱ्या एका चालानात जातात ते मोजा. हा दंड माल देणाऱ्या ठेकेदाराकडून वसूल झालेला मी माझ्या पत्रकारितेच्या इतक्या वर्षांत पाहिला नाही. गाडीवर पावती फाटते, ठेकेदार दुसरी गाडी बोलावतो.

आता माणसांचं. कारण आपली पिकअप फक्त माल नेत नाही. ती बाजाराची बस आहे, वऱ्हाडाची गाडी आहे, सभेची गाडी आहे, मजुरांची गाडी आहे. रात्री कुणाला कळा सुरू झाल्या आणि रस्त्यापर्यंत खाटेवर आणलं, तर ग्रामीण रुग्णालयापर्यंत नेणारी गाडीही बरेचदा तीच. कुणी हौसेने डाल्यात उभं राहत नाही. बस नाही म्हणून उभं राहते.

पण कायदा काय म्हणतो ते प्रत्येक गाडीमालकाने भिंतीवर लिहून ठेवावं. मालवाहू गाडीत बसवलेल्या प्रवाशाला विमा लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने आशाराणी प्रकरणात डिसेंबर २००२ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. १९९४ च्या दुरुस्तीने गाडीत सोबत असलेला मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी तेवढा संरक्षणात आला. वऱ्हाड नाही, बाजाराला निघालेली बाई नाही. म्हणजे गाडी नाल्यात पलटली तर भरपाई मालकाच्या खिशातून. न्यायालयाने विमा कंपनीला आधी भरायला लावलं तरी ती मालकाकडून वसूल करू शकते. कर्ज फिटायच्या आधी घर जाईल, शेत जाईल. आणि जिचा माणूस गेला तिच्या हातात काय? सुटलेली गाडी आणि न सुटलेला खटला. मालकाकडे काहीच नसेल तर निकाल जिंकूनही पदरी भोपळा.

मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. चांगली योजना. पण जिच्या गावाला एसटीच येत नाही, ती अर्धं तिकीट कुणाला दाखवणार? ती पिकअपमध्ये पुरं भाडं देते, वर विम्याशिवाय जीव धोक्यात घालते. पुण्याच्या बाईला सवलत आणि आपल्याकडच्या माडिया बाईला डाला. याला कुणी भेदभाव म्हणत नाही, कारण हा कुठल्या जीआरमध्ये लिहिलेला नाही.

बस सुरू करता येत नाही असं नाही. १ जानेवारी २०२५ ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आपल्या भागात आले, गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी रस्त्याचं उद्घाटन झालं आणि त्या मार्गावर एसटी धावली. स्वातंत्र्याला ७७ वर्षं झाल्यावर. आनंद आहे, टीका नाही. पण रस्ता झाला की बस धावू शकते हे त्या दिवशी सरकारनेच सिद्ध केलं. मग बाकीच्या गावांना मुख्यमंत्री येईपर्यंत थांबायचं का?

रस्त्याचं बोललो की सुरजागडचं नाव निघणारच. "खाण आली, आता गाड्यांना काम मिळेल," म्हणून बऱ्याच पोरांनी पिकअपची स्वप्नं पाहिली. जरा थंड डोक्याने बघा. लोहखनिज पिकअपमध्ये जात नाही, मोठ्या ट्रक-टिप्परमध्ये जाते. पिकअपवाल्याच्या वाट्याला खाणीतून काय येते, तर त्या ट्रकनी खोल केलेले खड्डे. जोखीम मात्र सगळ्यांच्याच वाट्याला. डिसेंबर २०१६ मध्ये सुरजागडला माओवाद्यांनी सत्तरहून जास्त गाड्या जाळल्या. तेव्हा गाडीवर पोट असलेल्या माणसाला काय वाटलं असेल ते आपण विसरलो नाही. पुढे २०२१ मध्ये काम पुन्हा सुरू झालं आणि वाहतूक वाढतच गेली. २०२५ मध्ये हेडरी ते कोनसरी लोहखनिजाची पाइपलाइन सुरू झाली. तिने ट्रक कमी होतील असं सांगितलं गेलं. होऊ द्या. पण मग "ट्रकमुळे रस्ता टिकत नाही" हे कारणही बंद करा आणि आलापल्ली-एटापल्ली रस्ता एकदाचा टिकेल असा बांधा. पिकअपचा एक्सल बोलेरोचा आहे की योद्धाचा, हे खड्डा विचारत नाही.

काही मित्र म्हणतील, तू पोरांना घाबरवतो आहेस, कुणी गाडीच घेऊ नये का? घ्यावी. जरूर घ्यावी. या जिल्ह्यात रेल्वे म्हणजे एका टोकाला वडसा. आपल्यापर्यंत मिठाच्या पुड्यापासून सिमेंटपर्यंत सगळं चाकावरच येते. पिकअप नसेल तर तालुका बंद पडेल. म्हणूनच तर म्हणतो, जी गाडी तालुका चालवते तिच्या मालकाने कर्जात का मरावं?

कायदा अगदीच विरोधात आहे असंही नाही. एकूण मंजूर वजन ३,००० किलोच्या आत असेल तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. ही सूट लहान टनांच्या पिकअपला मिळते, घ्यायच्या आधी आरसीवरचा आकडा बघून घ्या. ड्रायव्हिंग लायसनचा जुना घोळही नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मिटवला. साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते. म्हणजे "तुझं लायसन चालत नाही" म्हणून कुणी विम्याचा दावा अडवत असेल तर गप्प बसू नका.

कर्जाचंही तसंच. फायनान्सवाल्याच्या दारात जायच्या आधी बँकेत मुद्रा कर्जाची चौकशी करा, मालवाहू गाडी त्यात बसते, तारणाशिवाय. आदिवासी तरुणांनी शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाच्या योजना विचाराव्यात. मला माहीत आहे, तुम्ही म्हणाल, "बँकवाले उभं करत नाही." बरोबर आहे. म्हणून खाली मागण्या लिहितो. या मी लेखी निवेदनातही देणार आहे.

१. एटापल्ली तालुक्यातल्या बँकांनी पिकअपच्या कर्जाला हंगामी हप्ता द्यावा. जून ते सप्टेंबर फक्त व्याज, मुद्दल बाकीच्या महिन्यांत. तहसीलदार साहेबांनी बँकांची बैठक लावावी आणि नकार असेल तर तो लेखी घ्यावा.

२. मुद्रा आणि शबरीचं मार्गदर्शन शिबिर तेंदू हंगामाच्या आधी एटापल्लीत व्हावं. हंगाम संपल्यावर फोटो काढायला नको.

३. धानाची वाहतूक असो की घरकुलाचं साहित्य, सरकारी पैशाने जाणाऱ्या प्रत्येक मालाचं भाडं आरसीवरच्या मंजूर वजनावर ठरावं. आविका संस्था आणि महामंडळाने हे आधी करावं. सरकारच ओव्हरलोडच्या दराने माल नेत असेल तर आरटीओने पावती कुणावर फाडायची?

४. ग्रामसभांनी तेंदू आणि बांबूच्या करारात एक ओळ वाढवावी: वाहतूक मंजूर वजनातच, आणि शक्य तिथे गावातल्याच गाड्यांनी. पेसाने विकायचा हक्क दिला आहे, तर गाडीची अट घालायचा हक्क कुणी काढून घेतलेला नाही.

५. अहेरी आगाराने निदान आठवडी बाजाराच्या दिवशी, रस्ता आहे तिथपर्यंत, एक जाती आणि एक येती बस द्यावी. रोज नको म्हणत नाही, पण बाजारापासून तरी सुरुवात करा.

६. ओव्हरलोडची कारवाई माल भरणाऱ्यापर्यंत न्यावी. गाडी जिथे भरली तिथे जा. नाक्यावर ड्रायव्हरची गचांडी धरणं सोपं आहे.

आणि सातवी गोष्ट सरकारकडे नाही, आपल्याकडे मागतो. गाडीमालकांनो, एकदा बसा. बोलेरोवाले, योद्धावाले, दोस्तवाले, सगळे एका सतरंजीवर. एवढंच ठरवा की पासिंगपेक्षा जास्त कुणी भरणार नाही आणि जो फोडेल त्याला बाकीचे जाब विचारतील. पहिला महिना कठीण जाईल. व्यापारी बाहेरून गाडी बोलावेल. पण आपल्या रस्त्यावर, आपल्या पावसात, बाहेरची गाडी किती दिवस येते ते आपल्याला माहीत आहे. वजन खाली आलं की भाडं वर येते, वरचं गणित उलटं वाचून बघा.

कंपनीचा अभिमान गाडीच्या मागे स्टिकर लावून खुशाल मिरवा. पण कंपनी तुमचा हप्ता भरत नाही, आणि तुमच्या डाल्यात बसलेल्या बाईच्या पोराला ती उत्तरही देणार नाही. ते उत्तर आपल्याला द्यायचं आहे.

मुद्दा पटला तर पुढे पाठवा, विशेष करून ज्याने बुकिंगचे पैसे अजून भरले नाहीत त्याला. नाही पटला तर खाली भांडा, पण आकडे घेऊन या. ज्यांच्याकडे आता पिकअप आहे त्यांनी कमेंटमध्ये तीनच गोष्टी लिहा: हप्ता किती, फेरीचं भाडं किती, आणि मंजूर वजनात गाडी चालवली तर महिन्याला शिल्लक किती. नाव लिहू नका, गाडी नंबर लिहू नका. हे आकडे जमले की निवेदनाला जोडतो. भाषणापेक्षा तुमच्या खिशातले आकडे साहेबांना लवकर कळतील.